गुडघ्याच्या वाटीमागचं दुखणं: एमआरआयचा ग्रेड बाजूला ठेवा, पायऱ्या मोजा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडून घेऊ, म्हणजे असाच त्रास असणाऱ्या इतरांनाही आपलं दुखणं यात बसतं का ते पाहता येईल. वय ३६, वजन ७१ किलो, शाळेत शिक्षिका, नागपूरच्या मनीषनगरला लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसरा मजला. पाच महिन्यांपासून उजव्या गुडघ्यात वाटीच्या मागे दुखतं. जिना उतरताना, उकिडवं बसताना आणि तासभर पेपर तपासून खुर्चीतून उठताना जास्त. मार लागलेला नाही, गुडघा अडकत नाही. एमआरआयवर ‘कॉन्ड्रोमलेशिया पॅटेला, ग्रेड २’ (वाटीमागची कूर्चा, म्हणजे हाडावरचं गुळगुळीत आवरण, खराब होणं), थोडं पाणी आणि वाटीचा बाहेरच्या बाजूला किंचित कल. दहा दिवस मशीनचा शेक घेतला, आराम दोन दिवस टिकला. एका ठिकाणी पीआरपीचं (स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेट्सचं) इंजेक्शन सुचवलं, दुसरीकडे दुर्बिणीतून ‘साफ’ करून घ्या म्हणाले. तुम्ही मांडी, जिना, फिरणं शक्य तितकं बंद केलंय, नी-कॅप दिवसभर असते. विचारलंय ते असं: वाटी अशीच झिजत जाणार का, इंजेक्शन घ्यावं का, आणि नागपंचमीच्या सुमारास पचमढीला नागद्वारच्या यात्रेला जाता येईल का.

‘ग्रेड २’ने घाबरू नका. हे ग्रेड आऊटरब्रिज नावाच्या सर्जननी १९६१ साली मांडलेल्या पद्धतीवरून आलेत. कूर्चा मऊ झाली की १, वरवर भेगा पडल्या की २, भेगा खोल गेल्या की ३ आणि हाड उघडं पडलं की ४. हे कूर्चेच्या पृष्ठभागाचं वर्णन आहे, दुखण्याचं मोजमाप नाही. कूर्चेत मज्जातंतूच नसतात, त्यामुळे कूर्चा स्वतः दुखत नाही. दुखतं ते तिच्याखालचं हाड, वाटीच्या खालची चरबीची गादी, सांध्याचं अस्तर आणि वाटीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे पट्टे. म्हणून एखाद्याचा ग्रेड ३ असतो आणि तो मजेत फुटाळ्याला चकरा मारतो, तर दुसऱ्याचा एमआरआय कोरा असूनही त्याला जिना उतरवत नाही. तुमच्या वयात दुखणं नसलेल्यांच्या एमआरआयमध्येही असे बदल पुष्कळदा सापडतात. ‘ग्रीस संपलं’ हे वाक्य तर साफ विसरा. बसता-उठता कटकट वाजणं, दुखत नसेल तर, निरुपद्रवी असतं. आवाजावरून झीज ठरवता येत नाही.

मग दुखतं कशानं? वाटी म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद नडगीपर्यंत पोचवणारी कप्पी. गुडघा जितका वाकेल आणि त्या स्थितीत स्नायू जितका ओढेल तितकी वाटी मांडीच्या हाडावरच्या खाचेत दाबली जाते. सपाट रस्त्यावर चालताना हा दाब शरीराच्या वजनाच्या साधारण निम्मा असतो, जिन्यावर सुमारे तिप्पट, पूर्ण उकिडवं बसून उठताना सात-आठ पट. ७१ किलोला जिन्यावर दोनशे किलोच्या पुढे आणि उकिडवं बसताना पाचशेच्या आसपास. निरोगी गुडघा हे रोज सोसतो, कारण वाटीची कूर्चा शरीरातली सर्वांत जाड असते आणि मांडीचा, नितंबाचा स्नायू वाटीला खाचेच्या मधोमध ठेवतो. तो स्नायू कमी पडला किंवा भार अचानक वाढला (शाळा सुरू झाली, घर बदललं, उन्हाळ्यात रोज कूलरसाठी बादल्या भरभरून गच्चीवर चढवल्या) की सोसण्याची मर्यादा ओलांडली जाते. मग दुखतं म्हणून माणूस हालचाल थांबवतो, स्नायू आणखी बारीक होतो, मर्यादा आणखी खाली येते. तुमचं नेमकं हेच चाललंय. पूर्ण विश्रांती हा या दुखण्याचा उपाय नाही. बऱ्याचदा तेच ते लांबण्याचं कारण असतं.

अर्थात आपोआप बरं होईल म्हणून वाट पाहणंही चूक. या दुखण्याच्या रुग्णांचा पाच ते आठ वर्षं पाठपुरावा केला तेव्हा निम्म्याहून जास्त जणांचा त्रास समाधानकारक सुटलेला नव्हता, आणि सुरुवातीला ज्यांचं दुखणं जास्त काळ रेंगाळलं होतं त्यांची अवस्था जास्त वाईट होती. पाच महिने झालेत. आता पद्धतशीर काम हवं.

पण त्याआधी हे दुखणं वाटीचंच आहे याची खात्री हवी. खुर्चीवर बसल्यासारखं हळूहळू खाली जाताना वाटीभोवती किंवा वाटीमागे दुखलं तर ते वाटीच्या सांध्याचं असण्याची शक्यता सर्वांत जास्त. बोट ठेवून एकाच जागी, वाटीच्या खालच्या टोकाला दुखत असेल तर ते पॅटेलर टेंडनचं, म्हणजे वाटीला नडगीशी जोडणाऱ्या दोरीचं असतं. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलांमध्ये हे फार. त्याचा व्यायाम वेगळा, जड आणि संथ. वाटीच्या पुढे, कातडीखाली लिंबाएवढी मऊ सूज असेल तर ती बर्साची, म्हणजे कातडी आणि वाटीमधल्या पातळ पिशवीची. गुडघे टेकून फरशी पुसणाऱ्यांना, टाइल्स बसवणाऱ्यांना होते. ती लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर. आतल्या किंवा बाहेरच्या सांध्याच्या रेषेवर दुखून गुडघा मध्येच अडकत असेल तर मेनिस्कसकडे, म्हणजे सांध्यातल्या कूर्चेच्या गादीकडे बघावं लागतं.

विदर्भात एक गोष्ट आवर्जून तपासावी लागते. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं. आपल्याकडे सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे आणि सिकलसेलमध्ये मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून ते हाड खचू शकतं. फार काळ स्टेरॉइड घेतलेल्यांना किंवा भरपूर दारू पिणाऱ्यांनाही हे होतं. असा रुग्ण पुष्कळदा ‘गुडघा दुखतो’ म्हणतच येतो. पाठीवर झोपून गुडघा आणि खुबा काटकोनात वाकवायचा आणि दुसऱ्या कोणी पाऊल बाहेरच्या बाजूला वळवायचं, म्हणजे खुबा आत वळतो. त्यात जांघेत किंवा गुडघ्यात कळ आली, किंवा हा पाय दुसऱ्या पायापेक्षा कमी वळला, तर गुडघ्याचे फोटो थांबवा आणि खुब्याची तपासणी करून घ्या. सुरुवातीला साध्या एक्स-रेत काही दिसत नाही, एमआरआयमध्येच कळतं. घरात सिकलसेलचा कोणी असेल आणि स्वतःची तपासणी झालेली नसेल तर सोल्युबिलिटी आणि इलेक्ट्रोफोरेसिस या रक्ततपासण्या करून घ्याव्यात. दहा ते पंधरा वर्षांचं मूल लंगडत गुडघा धरत असेल तर तिथेही खुब्याचा एक्स-रे आधी, कारण त्या वयात खुब्याची वाढीची चकती सरकते आणि उशीर महागात पडतो.

तुमच्या वर्णनात यातलं काही दिसत नाही. मात्र खुब्याची ही चाचणी तुमच्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा होऊ द्या, दोन मिनिटांचं काम आहे.

आता मोजणं. पुढचं सगळं एका नियमावर चालतं, म्हणून तो नीट समजून घ्या. दुखणं शून्य ते दहा असं मोजा. व्यायाम करताना किंवा जिन्यावर तीनपर्यंत दुखलं तर चालेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या सकाळच्या पातळीवर परत आलेलं असलं पाहिजे आणि सूज वाढलेली नसली पाहिजे. परत आलं तर भार बरोबर होता, तोच ठेवा किंवा थोडा वाढवा. नाही आलं तर भार जास्त झाला. व्यायाम सोडायचा नाही, पुढच्या वेळी तिसऱ्या हिश्शाने कमी करायचा. अजिबात दुखू न देता व्यायाम करू म्हणाल तर पुरेसा भार कधीच चढणार नाही.

जिन्याचा हिशेब करू. एका मजल्याला १८ ते २० पायऱ्या धरल्या तर तुमच्या घरापर्यंत ५५ ते ६०. दिवसातून चार वेळा खाली-वर केलं तर उतरायच्याच पायऱ्या दोनशेच्या वर जातात. पहिले दोन आठवडे फेऱ्या दोनवर आणा: भाजी, किराणा, मुलांना आणणं एकाच फेरीत बसवा, दुधाची पिशवी दोरीने वर घ्या. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हात कठड्यावर. ही पद्धत फक्त या दोन आठवड्यांपुरती. मेट्रोने जात असाल तर लिफ्ट वापरा, लाज कसली. मांडी घालून बसणं पूर्ण बंद करायची गरज नाही. उकिडवं बसणं आणि वज्रासन मात्र सहा आठवडे बाजूला. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर त्यावर ठेवायची कमोडची खुर्ची मिळते. शाळेत दर अर्ध्या तासाला उठून वर्गात फेरी मारा किंवा बसल्याजागी पाय दहा वेळा सरळ करा, कारण वाकवलेल्या गुडघ्यावर सलग बसण्यानेही वाटीवरचा दाब कायम राहतो. दुचाकी डबल स्टँडवर चढवायची नाही, साइड स्टँडवर ठेवा.

याच दोन आठवड्यांत सुरुवातीचे व्यायाम, रोज. पाठीवर झोपा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा खाली दाबून मांडी आवळा, दहा सेकंद धरा, दहा वेळा, दिवसातून तीनदा. मग दुसरा पाय वाकवून दुखरा पाय सरळ, तीस-पस्तीस सेंटीमीटर वर उचलायचा, दहाचे तीन संच; उचलताना गुडघा जरा जरी वाकला तर मांडीचा स्नायू काम टाळतोय असं समजा. त्यानंतर चांगल्या कुशीवर झोपून वरचा पाय सरळ वर आणि किंचित मागे. इथे बहुतेकांची गडबड होते: पाय पुढे येतो, टाच खाली आणि बोटं छताकडे वळतात, आणि नितंबाऐवजी खुब्याच्या पुढचा स्नायू काम करतो. भिंतीला पाठ आणि टाच लावून झोपा, टाच भिंतीवर घासत वर न्या, बोटं समोर. पंधरा वेळा, तीन संच, खरं काम झालं तर नितंबाच्या बाजूला, खिशाच्या जागी भाजायला हवं. चौथा ब्रिज, म्हणजे गुडघे वाकवून कंबर उचलणं, पाच सेकंद धरून, बारा वेळा, दोन संच. शेवटी भिंतीला पाठ टेकवून फक्त ३० ते ४० अंश वाकायचं, मांड्या जमिनीला समांतर नकोत, तीस ते पंचेचाळीस सेकंद, पाच वेळा. हा शेवटचा दुखणं तात्पुरतं कमी करायलाही उपयोगी पडतो.

तिसऱ्या आठवड्यापासून व्यायाम एक दिवसाआड, आठवड्यातून तीन दिवस. स्नायू वाढायला मधला दिवस लागतो. रोज करण्याचा उत्साह इथे अंगलट येतो. साधारण ४५ सेंटीमीटर उंचीची खुर्ची घ्या, तिच्यावर घट्ट उशा ठेवून बैठक ५५ पर्यंत वर आणा आणि हात न लावता उठा-बसा करा. तीन सेकंदांत खाली, एक सेकंदात वर, दहाचे तीन संच. दर आठवड्याला उशीची थोडी उंची कमी करा, सहाव्या आठवड्यापर्यंत नुसत्या खुर्चीवर यायचं. दुसरं, पायरीवर चढणं. घरातला जाड लाकडी पाट चालेल, पण उंची टेपने मोजा, अंदाज नको, आणि पाट हलत असेल तर नको. दहा सेंटीमीटरपासून सुरू करून पंधरा, मग वीस. पुढचा पाय काम करतो, मागच्या पायाने ढकलायचं नाही; हे ओळखायला मागच्या पायाची बोटं वर उचलून ठेवा. तिसरं, घोट्यांच्या किंवा गुडघ्यांच्या वर लूप बँड (रबरी गोल पट्टा) घालून आडवं चालणं, दोन्हीकडे दहा-दहा पावलं, तीन फेऱ्या. चौथं, टाचा उचलणं, पंधराचे तीन संच. कुशीवरचा व्यायाम आणि ब्रिज चालूच.

आरसा समोर हवाच. उतरताना किंवा बसताना गुडघा आतल्या बाजूला, पायाच्या अंगठ्याच्या आत गेला की वाटी खाचेच्या बाहेरच्या काठावर घासते. गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत, दोन्ही खुब्यांची उंची सारखी, आणि धड थोडं पुढे झुकलेलं. धड अगदी ताठ ठेवलं की सगळा भार गुडघ्यावर येतो. थोडं झुकलं की नितंब भार घेतो. ‘गुडघा बोटांच्या पुढे जाऊच द्यायचा नाही’ हा जिममधला हट्ट मात्र इतका महत्त्वाचा नाही. आत पडणारा गुडघा जास्त त्रास देतो.

जिममध्ये जाणाऱ्यांसाठी एक बारकावा. पाय मोकळा ठेवून गुडघा सरळ करण्याच्या मशीनवर शेवटच्या टप्प्यात, म्हणजे ४५ अंशापासून पूर्ण सरळ होईपर्यंत, वाटीवर ताण जास्त येतो. पाय जमिनीवर टेकवून केलेल्या बैठकीत उलट, ४५ अंशानंतर खाली जाताना जास्त. म्हणून सुरुवातीला मशीनवर ९० ते ४५ अंश एवढ्यातच, आणि बैठक शून्य ते ४५ अंशात. दोन्हींतला अंशांचा पल्ला पुढे हळूहळू वाढवायचा. आतला मांडीचा स्नायू, ज्याला सगळे व्हीएमओ म्हणतात, तो वेगळा काढून एकटा बळकट करता येत नाही. पाय बाहेर वळवून, गुडघ्यांमध्ये चेंडू दाबून केलेल्या कसरतींनी तो खास वाढतो असं दिसलेलं नाही. पूर्ण मांडी बळकट करा, तोही होतो.

सात ते बारा आठवडे हा खरा काळ, आणि नेमके इथेच लोक सोडतात, कारण तोवर दुखणं निम्म्यावर आलेलं असतं. पायरीवरून उतरणं आता मुख्य व्यायाम. दुखरा पाय पायरीवर, दुसऱ्या पायाची टाच हळूच जमिनीला टेकवायची आणि परत वर, तीन सेकंदांत खाली. दहा सेंटीमीटर, मग पंधरा, मग जिन्याची पूर्ण पायरी. आठ ते दहा वेळा, तीन संच. एका पायाचा ब्रिज. एक पाय पुढे ठेवून बैठक. भार वाढवायला पाठीवर पिशवी आणि तिच्यात पाण्याच्या बाटल्या, लिटरला किलो. दोन किलोंनी सुरू, दर आठवड्याला एक-दोन किलो. दहाव्या वेळी आणखी दोन सहज होतील असं वाटलं की भार कमी आहे. बाराव्या आठवड्यानंतर आठवड्यातून दोनदा हेच चालू ठेवायचं, निदान वर्षभर.

चौथ्या आठवड्यापासून पिंढरी, मांडीची मागची आणि पुढची बाजू यांचे ताण, तीस सेकंद तीन वेळा. नुसते ताण देऊन मात्र हा गुडघा बरा होत नाही.

सकाळ फार महत्त्वाची, आपल्याकडे उन्हाळ्यात तर जास्तच. एप्रिल-मेमध्ये सात वाजेपर्यंत फिरून परत. सपाट जागा निवडा. अंबाझरीचा काठ किंवा घराजवळचं एखादं मैदान चालेल, सेमिनरी हिल्सचा उतार पहिले सहा आठवडे नको. सिमेंट रस्त्यापेक्षा मुरूम-मातीची वाट बरी. दहा मिनिटांपासून सुरू करून दर आठवड्याला पाच मिनिटं. सायकल चालेल, पण सीट उंच करा: पेडल सर्वांत खाली असताना गुडघा पंचवीस ते पस्तीस अंशच वाकलेला असावा. खाली ठेवलेली सीट वाटीला नको तितकी दाबते, आणि दोन्ही पाय जमिनीवर टेकावेत म्हणून आपल्याकडे बहुतेक सायकली तशाच असतात. धावायचं असेल तर अर्धा तास भरभर चालणं आणि पायरी-उतार वीस वेळा, दुखणं तीनच्या आत ठेवून जमल्यावर. एक मिनिट धावा, दोन मिनिटं चाला, आठ वेळा. पावलं आखूड आणि मिनिटाला पाच ते दहा टक्के जास्त टाका, वाटीवरचा ताण त्यानेच बराच कमी होतो.

मशीनच्या शेकाबद्दल रोखठोक सांगायला हवं. अल्ट्रासाऊंड, आयएफटी (सौम्य विजेच्या प्रवाहाचा उपचार), लेझर यांचा या दुखण्यात टिकाऊ उपयोग दिसलेला नाही. या विषयावरच्या तज्ज्ञांच्या २०१८ सालच्या आंतरराष्ट्रीय सहमतीतही त्यांची शिफारस केलेली नाही. शिफारस आहे ती खुबा आणि गुडघा दोन्हींच्या एकत्र व्यायामाची. दहा दिवसांचं पॅकेज घेऊन त्यात व्यायाम पाच मिनिटांचा आणि शेक अर्ध्या तासाचा असेल तर पैसे चुकीच्या जागी चाललेत. फिजिओथेरपिस्टकडे दोन आठवड्यांनी एकदा जाऊन व्यायाम तपासून, वाढवून घेणं जास्त कामाचं.

टेपिंगचा मात्र उपयोग आहे. वाटी आतल्या बाजूला ओढून टेप लावायची पद्धत ऑस्ट्रेलियातल्या जेनी मॅककॉनेल या फिजिओथेरपिस्टनी १९८६ साली मांडली. कसोटी सोपी: टेप लावल्यावर लगेच पायरी उतरून बघा. दुखणं ठळक कमी झालं तरच ठेवायची, आणि व्यायामाच्या वेळेपुरती. घामाने कातडी सोलते, म्हणून आधी मऊ पांढरी टेप, वर कडक, रात्री काढायची. नी-कॅप वाटीच्या जागी गोल भोक असलेली बरी, तीही लांब चालताना. दिवसभर नको. सपाट पावलं असतील तर तयार इनसोल घालून तीच पायरीची चाचणी करा, फरक पडला तर सहा आठवडे वापरा. बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, व्यायामानंतर.

गोळ्या जपून. पॅरासिटामॉल दिवसाला तीन ग्रॅमच्या आत, किंवा डायक्लोफिनॅकचं जेल दिवसातून तीनदा. पोटात घ्यायच्या सूज-दुखीच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितलेले मोजके दिवसच. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना त्या मूत्रपिंडाला जड जातात, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर आणखीच. ग्लुकोसामाइनच्या महागड्या पाकिटांवर पैसे घालू नका. ड जीवनसत्त्व कमी निघालं तर ते भरून काढा, पण त्याने वाटीचं दुखणं जाईल अशी आशा नको. पीआरपीसाठी या दुखण्यात पुरेसा भक्कम पुरावा आज नाही. तुमच्या टप्प्यावर ते घेऊ नये. वजन पाच किलो उतरलं तर चालताना प्रत्येक पावलाला पूर्ण गुडघ्यावरचा (नुसत्या वाटीवरचा नव्हे) भार त्याच्या चौपट, म्हणजे वीस किलोंनी कमी होतो. याच्याशी स्पर्धा करेल असं इंजेक्शन नाही.

यात्रेचं: आज सुरू केलंत आणि हातात बारा ते सोळा आठवडे असतील, तर जमू शकतं. निघण्याच्या दोन आठवडे आधी तीन गोष्टी जमल्या पाहिजेत. दीड-दोन तास सलग चालणं, रामटेकच्या गडमंदिराच्या पायऱ्या किंवा घरचा जिना आठ-दहा फेऱ्या उतरणं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं तीनच्या आत असणं. नागद्वारच्या वाटेवर चढण त्रास देत नाही, उतार देतो. पावसात वाट निसरडी असते, म्हणून दोन काठ्या न्या, उतारावर पावलं आखूड टाका आणि ओझं दुसऱ्याकडे द्या. तीनपैकी एक जरी जमलं नाही तरी यंदा नको.

मध्येच एखादा आठवडा बिघडेल. लग्नात दिवसभर उभं राहणं, पाहुणे, दिवाळीची साफसफाई. त्या वेळी दोन-तीन दिवस फेऱ्या कमी, पहिल्या टप्प्यातला भिंतीचा आणि मांडी आवळण्याचा व्यायाम चालू, मग आधीच्या भाराच्या दोन-तृतीयांशावर परत. पुन्हा शून्यापासून सुरू करायचं नाही. प्रगती दुखण्याच्या आठवणीवरून न मोजता महिन्यातून एकदा मोजा: वाटीच्या वरच्या कडेपासून दहा सेंटीमीटरवर दोन्ही मांड्यांचा घेर, तीस सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं, आणि पंधरा सेंटीमीटरच्या पायरीवरून तीनच्या आत किती वेळा उतरता येतं. वहीत लिहा.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेबद्दल. फिनलंडमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशाच दुखण्याच्या रुग्णांचे दोन गट केले होते: एकाला नुसता व्यायाम, दुसऱ्याला दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि व्यायाम. नऊ महिन्यांनी दोन्ही गटांत फरक नव्हता. ‘साफ’ करण्याला तुमच्या गुडघ्यात कारण नाही. बाहेरचा पट्टा नुसता कापून वाटी सैल करण्याची शस्त्रक्रियाही आता एकटी क्वचितच करतात, उलट वाटी आतल्या बाजूला निसटण्याचा धोका राहतो.

शस्त्रक्रिया लागते ती वेगळ्या लोकांना. वाटी बाहेर सरकून पडली असेल, तर पहिल्या वेळी बहुधा काही आठवडे ब्रेस आणि मग वरचेच व्यायाम पुरतात. पण हाड-कूर्चेचा तुकडा सुटून सांध्यात फिरत असेल तर तो लवकर बसवावा किंवा काढावा लागतो. विशीच्या आतल्या मुलामुलींमध्ये वाटी पुन्हा सरकण्याचा धोका जास्त. वारंवार सरकत असेल तर आतला बंध, एमपीएफएल, नव्याने बांधतात, आणि त्याआधी वाटी किती वर बसली आहे, टीटी-टीजी अंतर (खाचेपासून नडगीवरचा टेंडनचा उंचवटा किती बाहेर आहे ते) २० मिलिमीटरच्या वर आहे का, खाच उथळ आहे का हे मोजतात. ही मापं न घेता तारीख देणाऱ्याकडे दुसरं मत घ्याच. पन्नाशीनंतरच्या वाटीच्या सांध्याच्या झिजेतही आधी हेच व्यायाम, फक्त सुरुवात खुर्ची आणखी उंच ठेवून. एक्स-रे मागताना उभ्याने काढलेला आणि वाटीचा ‘स्कायलाइन’ असे दोन्ही मागा, कारण पुढून काढलेल्या फोटोत वाटीचा सांधा दिसतच नाही.

गाडीवरून गुडघ्यावर पडल्यानंतर झोपून पाय सरळ उचलता येत नसेल, तर मुका मार समजून घरी शेकत बसू नका. वाटी मोडली असेल किंवा टेंडन तुटलं असेल. त्याच दिवशी मेडिकल, मेयो (नागपूरची सरकारी रुग्णालयं) किंवा जवळच्या हाडांच्या डॉक्टरांकडे, गुडघा सरळ ठेवून फळीला किंवा जाड पुठ्ठ्याला बांधून, आणि शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता असल्याने वाटेत काही न खाता-पिता. तुकडे दोन-तीन मिलिमीटरपेक्षा कमी हललेले असतील आणि पाय उचलता येत असेल तर चार ते सहा आठवडे सरळ ब्रेस पुरतो. त्यातही मांडी आवळण्याचा व्यायाम पहिल्याच आठवड्यापासून करायचा असतो. तुकडे जास्त सरकले असतील तर तारांनी बांधावे लागतात. अशा वेळी गुडघा किती वाकवायचा हे आठवड्यागणिक शस्त्रक्रिया करणाऱ्यांकडून लिहूनच घ्यावं. साधारण सहा आठवड्यांत ९० अंश हे लक्ष्य असतं. त्याच्या बरंच मागे पडलात तर फिजिओथेरपी त्याच आठवड्यात वाढवा, कारण आखडलेला गुडघा तीन महिन्यांनंतर मोकळा करणं फार कठीण जातं. हाड जुळल्यावर तारा कातडीखाली टोचू लागल्या तर त्या काढता येतात.